रब्बी ज्वारीच्या मुळातली नळी : प्रकल्प नोंदी

25 सप्टेंबर

आज पेरणी उरकली. मंगळवेढ्याकडच्या आमच्या खोल काळ्या रानात अर्धा एकर, आणि माळाच्या अंगाला जो हलका तुकडा आहे, हातभर खाली मुरूम लागतो, तिथं थोडीशी. दोन्हीकडं बी एकच, मालदांडी 35-1. ही मोहोळला मालदांडीतूनच निवडून काढलेली, गेल्या शतकातल्या तिशीतली, आणि अजून टिकून आहे.

प्रकल्प कशावर आहे ते आधी लिहून ठेवते म्हणजे पुढं वर्गातली पोरं वाचतील तेव्हा गोंधळ नको. रब्बी ज्वारीला पेरल्यानंतर पाऊस जवळपास नसतोच, हस्ताचा किंवा चित्राचा एखादा आला तर आला. पीक जगतं ते जमिनीत साठलेल्या ओलीवर. एक मीटर खोल काळ्या जमिनीत पिकाला उचलता येईल असं पाणी साधारण 150 ते 200 मिलिमीटर असतं. आपण 45 बाय 15 सेंटिमीटरवर पेरतो म्हणजे एका ताटाच्या वाट्याला 675 चौरस सेंटिमीटर जमीन, गुणाकार केला की एका ताटाला पूर्ण जन्मात मिळून 10 ते साडेतेरा लिटर पाणी येतं, त्यातलंही काही भेगांतून आणि वरच्या वर उडून जातं. एवढ्यावर चार महिने काढायचे आणि शेवटी दाणाही भरायचा.

तर प्रश्न असा की हे पाणी पुरवून पुरवून वापरायचं कोण ठरवतं. पान ठरवतं हे सगळ्यांना माहीत असतं, पानावरची बारीक छिद्रं म्हणजे पर्णरंध्रं बंद होतात वगैरे, पुस्तकात असतंच. मला बघायचंय ते मुळाच्या आतलं, जलवाहिनीची नळी किती रुंद आहे ते. माझा अंदाज आहे की साठलेल्या ओलीवरच्या पिकात निम्मा हिशोब तिथंच होतो.

29 सप्टेंबर

पाइप भरले. 10 इंची पीव्हीसी पाइप दीड मीटर उंचीचे कापून घेतले, बुड बंद केलं, बारीक भोकं ठेवली, आणि आपल्याच रानातली काळी माती थराथरानं ठोकून भरली. कल्पना आपल्या घरची नाही, हैदराबादजवळ पाटणचेरूला इक्रिसॅट या आंतरराष्ट्रीय शेती संशोधन संस्थेत असे 2 मीटर लांबीचे पाइप जमिनीत उभे करून ज्वारी बाजरीच्या वाणांनी किती पाणी प्यालं ते वजन करून मोजतात. आमच्याकडं पाइप कमी आणि साधने घरगुती, पण तत्त्व तेच. भरलेला ओला पाइप सव्वाशे किलोच्या आसपास जातो, त्यामुळं विहिरीतली मोटार काढायची चेन पुली शेडच्या आड्याला बांधली आणि तिला लटकता डिजिटल काटा लावला. मातीच्या तोंडावर प्लास्टिकचे मणी पसरले म्हणजे वरून बाष्पीभवन कमी, जे वजन घटेल ते बहुतेक झाडानंच घेतलेलं.

तीन गट केलेत. पहिल्यात वरची माती कोरडीच ठेवायची, बी खाली ओलीत टोकायचं. दुसऱ्यात वरची माती थोडे दिवस ओली ठेवून मग सोडून द्यायची. तिसऱ्यात वरचा थर बरेच दिवस ओला. एकूण पाणी मात्र तिघांना सारखं, हे महत्त्वाचं, जे वरून दिलं तेवढं खालचं आधीच कमी धरलंय.

असं का, तर ज्वारीच्या मुळांची रचना. गव्हाचं बी उगवलं की तीन ते पाच बीजमुळं एकदम निघतात. ज्वारीचं बी एकच बीजमूळ सोडतं, सरळ खाली. बाकीची जी मुळं आपण उपटल्यावर झुपक्यानं बघतो ती सगळी नंतर खोडाच्या बुडातल्या सांध्यांतून येतात, त्यांना इथं मी सांधमुळं म्हणणार आहे. आणि सांधमूळ फुटलं तरी मातीचा वरचा थर कोरडा असेल तर ते पुढं सरकत नाही. म्हणजे वरच्या थराची ओल कमी जास्त करून मी झाडाला किती नळ्या मिळतील ते ठरवू शकते, झाडाला हात न लावता.

9 ऑक्टोबर

लॅब. बीजमुळाचे काप घेतले. मूळ बारीक असतं, बोटात धरून कापता येत नाही, म्हणून गाजराच्या तुकड्याला चीर देऊन त्यात मूळ धरायचं आणि नव्या ब्लेडनं गाजरासकट पातळ काप काढत जायचं, पाण्यात टाकायचे, त्यातले सगळ्यात पातळ ब्रशनं उचलून सॅफ्रानिन या लाल रंगात. पोरांना सांगून ठेवलं की ब्लेड दर थोड्या कापांनी बदला, ज्वारीच्या मुळात आतल्या आवरणाच्या पेशींवर सिलिकाचे दाणे असतात, धार लवकर जाते.

काप कुठं घ्यायचा हे पण ठरवून टाकलं. टोकापासून लांब, निदान दीड वीत सोडून. कारण मुळाच्या टोकाकडच्या मोठ्या नळ्या दिसायला नळ्या असल्या तरी त्या अजून जिवंत पेशी असतात, आडवे पडदे शाबूत, आत पेशीद्रव. मक्यात असं दाखवलंय की मोठ्या वाहिन्या टोकापासून 20-30 सेंटिमीटर मागं गेल्यावरच मोकळ्या होतात. जलवाहिनी काम करते ती मेल्यानंतर. पेशी मरते, आतलं सगळं विरघळून जातं, राहते फक्त लिग्निननं घट्ट झालेली भिंत, आणि अशा पेशी एकावर एक जोडून, मधले पडदे गळून, नळी तयार होते. हे मी दरवर्षी शिकवते आणि तरी दरवेळी काप फोकसमध्ये आला की अंगावर काटा येतो.

सॅफ्रानिननं नळ्यांच्या भिंती लालभडक. बाहेर सालीच्या भागात हवेच्या पोकळ्या दिसतात, काही पेशी मोडून झालेल्या. त्या बिघाड नाहीत बरं का. मक्यावर जोनाथन लिंच यांच्या गटाचं काम आहे, मक्याच्या ज्या वाणांच्या मुळात अशा पोकळ्या जास्त ते दुष्काळात सरस ठरले, कारण जिवंत पेशी कमी म्हणजे मूळ पोसायचा खर्च कमी, वाचलेल्या साखरेवर मूळ आणखी खोल जातं.

मोजमापासाठी सूक्ष्मदर्शकाच्या आयपीसमधली पट्टी स्टेज मायक्रोमीटरशी, म्हणजे मापाच्या खुणा असलेल्या काचपट्टीशी, जुळवून घेतली. बीजमुळात मोठ्या नळ्या मोजक्याच आहेत.

11 ऑक्टोबर

आज पाऊस झाला, चित्राचा पहिलाच, तासभर पण चांगला. रानातल्या ज्वारीला हा सोन्यासारखा. पाइप शेडमध्ये आहेत, त्यांना लागला नाही.

पावसात बसून पोरांना चौथ्या घाताचा हिशोब समजावला. पातळ नळीतून किती पाणी जातं हे तिच्या त्रिज्येच्या चौथ्या घातावर अवलंबून असतं, हागेन आणि प्वाझय यांचा नियम. नळी दुप्पट रुंद केली तर पाणी दुप्पट नाही, चौपट नाही, 16 पट. म्हणून नळ्या मोजून काही कळत नाही, रुंदी बघावी लागते. समजा एका मुळात 80 मायक्रॉनच्या (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) 4 नळ्या आहेत आणि दुसऱ्यात 50 मायक्रॉनच्या 12, तर बघणारा म्हणणार दुसरं मूळ जास्त पाणी नेणार, पण हिशोब केला की चारवालं मूळ दुपटीपेक्षा जास्त नेतं. एकानं वहीत मांडलं, 80 चा चौथा घात गुणिले 4, मग 50 चा, आणि वर बघून म्हणाला मॅडम हे बरोबर आहे का, मी म्हटलं परत कर. परत तेच आलं.

केशाकर्षणाचा गैरसमज पण याच वेळी काढून टाकला. दहावीपासून डोक्यात बसलेलं असतं की बारीक नळीत पाणी आपोआप चढतं म्हणून झाडात चढतं. 100 मायक्रॉनच्या नळीत केशाकर्षणानं पाणी साधारण 30 सेंटिमीटर चढेल, फूटभर. आपली ज्वारी पुरुषापेक्षा उंच होते. पाणी वर जातं ते वरून ओढलं जातं म्हणून, पानातून वाफ उडते, पानातल्या पेशींच्या ओल्या भिंतींत पाण्याचे वक्र आत ओढले जातात, आणि पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असल्यामुळं तो ताण खाली थेट मुळापर्यंत पोचतो. डब्लिनच्या डिक्सन आणि जोली यांनी 1894 मध्ये हे मांडलं. जगदीशचंद्र बोस यांचं मत वेगळं होतं, 1923 च्या त्यांच्या ग्रंथात त्यांनी जिवंत पेशींच्या स्पंदनानं रस चढतो असं मांडलं, आणि त्यांची उपकरणं आजही थक्क करणारी आहेत, पण लांबवरच्या वाहतुकीसाठी ते टिकलं नाही. त्याआधीच श्ट्रासबुर्गर यांनी झाडाच्या बुंध्यात विष चढवून जिवंत पेशी मारून दाखवल्या होत्या आणि तरी पाणी वर चढतच राहिलं होतं.

16 ऑक्टोबर

ज्या कामावरून हा सगळा प्रकल्प सुचला ते लिहिते. ऑस्ट्रेलियात गहू आपल्या रब्बीसारखाच पुष्कळदा साठलेल्या ओलीवर येतो. जॉन पॅसियुरा यांनी 1972 साली एक प्रयोग छापला, साठलेल्या पाण्यावर वाढणाऱ्या गव्हाच्या काही रोपांना एकच बीजमूळ ठेवलं, बाकीची काढली, आणि एका मुळाच्या रोपांनी जास्त दाणा दिला. इकडं त्याच साली आपल्याकडं दुष्काळ होता, लोक खडी फोडायला जात होते, आणि तिकडं कोणी तरी हे दाखवत होतं की कोरड्या वर्षात कमी मुळं फायद्याची ठरू शकतात. एका मुळातून पाणी हळू येतं, रोप लहान राहतं, फुलोऱ्यापर्यंत सगळं पिऊन टाकत नाही, आणि दाणा भरायच्या वेळी खाली शिल्लक असतं. मोठ्या टाकीला बारीक तोटी.

मग रिचर्ड्‌स आणि पॅसियुरा यांनी मुळं न तोडता तेच साधलं. गव्हाच्या बीजमुळात मधोमध एकच मोठी नळी असते. ती अरुंद असलेले देशी गहू शोधून तो गुण दोन ऑस्ट्रेलियन वाणांत उतरवला, 65 मायक्रॉनच्या आसपासची नळी 55 च्या खाली आणली. 10 मायक्रॉन म्हणजे काहीच नाही असं वाटतं, पण चौथा घात करा, 55 भागिले 65 चा, नळीची क्षमता जवळपास निम्मी होते. 1989 मध्ये त्यांनी शेतातले निकाल दिले, कोरड्या ठिकाणी 3 ते 11 टक्के जास्त उत्पन्न. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट, ओल्या वर्षात तोटा नाही. कारण पाऊस झाला की वरची माती ओली, सांधमुळं फुटतात, त्यांच्या रुंद नळ्या पाणी ओढायला तयार. कोरडं असलं तर ती फुटतच नाहीत आणि पीक आपोआप काटकसरीवर येतं.

24 ऑक्टोबर

रानातली रोपं उपटून आणली, आणि पाइपांच्या तोंडाशी माती हलकेच बाजूला करून बघितलं. फरक डोळ्यानंच दिसतो. चित्राच्या पावसानंतर रानात सांधमुळं पांढरी जाड, चांगली खाली घुसलेली. पहिल्या गटात खोडाच्या बुडाला नुसते खुंट, बोटाच्या पेरापेक्षा छोटे, टोक सुकलेलं. बी पेरल्यापासून ही रोपं एका धाग्यावर जगतायत.

सांधमुळाच्या कापात गाभ्याभोवती रिंगणात मोठ्या नळ्या, बीजमुळातल्यापेक्षा रुंद आणि कितीतरी जास्त. एक सांधमूळ म्हणजे पाणी नेण्याच्या हिशोबात अनेक बीजमुळं.

आमचं रान बघणारे अण्णा शेडमध्ये आले होते. पहिल्या गटाकडं बघून म्हणाले, "अगं ह्यास्नी मुळ्याच न्हाईत, ह्यी काय जगायची? जितक्या मुळ्या तितकं पीक." मी म्हटलं अण्णा, पाणी विहिरीचं असेल तर तुमचं खरं, पण इथं टाकी एकदाच भरलीय. त्यांनी मान हलवली पण पटलेलं नाही. मला वाटतं ऐंशी टक्के लोक हेच म्हणतील, आणि खतं औषधं विकणारे तर "मुळ्या वाढवा" हेच विकतात. खोल जाणारी मुळं आणि वरच्या थरात पसरलेली भरपूर मुळं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, कोरडवाहूत हा फरक कळला नाही तर पैसा चुकीच्या ठिकाणी जातो.

26 ऑक्टोबर

कोळपणी. पोरांना घेऊन गेले मुद्दाम. एक कोळपणी म्हणजे अर्धं पाणी म्हणतात ते का, तर भेगा बुजतात आणि वरचा भुसभुशीत थर खालच्या ओलीची वरशी जोड तोडतो. माझ्या प्रकल्पाच्या भाषेत, जमिनीनं उडवायचं पाणी वाचवून ते झाडाच्या नळीतून जायला ठेवणं.

6 नोव्हेंबर

पान. नेलपॉलिशचा पातळ थर लावून वाळला की सेलोटेपनं उचलायचा, पर्णरंध्रांचा ठसा मिळतो. ज्वारीत दोन्ही बाजूंना पर्णरंध्रं, रक्षक पेशी डंबेलसारख्या, गवतकुळाचा तो शिक्काच. ही रचना पटकन उघडझाप करते.

पानाच्या आडव्या कापात वरच्या बाजूला मोठ्या फुगीर रिकाम्या दिसणाऱ्या पेशींचे पुंजके असतात. दुपारी पाणी कमी पडलं की या आधी मऊ पडतात, पानाची वरची बाजू आखडते आणि पान पुंगळीसारखं वळतं. वळलेल्या पानाच्या आत दमट हवा अडकते आणि ऊनही कमी पृष्ठभागावर पडतं. तिसऱ्या गटाची, म्हणजे सगळ्यात जास्त मुळं असलेल्यांची पानं सगळ्यात मोठी झालीत, आणि गंमत म्हणजे भर दुपारी आधी तीच वळतात. सध्या त्यांचं एकेक ताट दिवसाला पाव लिटरच्या आसपास पितं. 12 लिटरच्या टाकीतून पाव लिटर रोज, म्हणजे 48 दिवस, आणि दाणा भरायला अजून तीन महिने आहेत. पहिल्या गटाचा खर्च याच्या अर्ध्याहून कमी.

पानाच्या बुडाशी खोडाला गुंडाळलेल्या भागावर पांढरी भुकटी असते, बोटाला लागते. मेण आहे ते, तिथून पाणी झिरपू नये म्हणून. आणि ज्वारी सी-4 गटातली, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड आत गोळा करून वापरणारी, शिरांभोवती हरितद्रव्यानं गच्च भरलेल्या पेशींचं कडं कापात सुंदर दिसतं, त्यामुळं पर्णरंध्रं अर्धवट उघडी ठेवूनही तिचं भागतं, गव्हाला ते जमत नाही. याच्यावर वेगळा प्रकल्प होईल, इथं जास्त लिहीत नाही.

19 नोव्हेंबर

सकाळी सहाला रानात. थंडी पडलीय. पानांच्या टोकाला थेंब. पोरं म्हणाली दव आहे. दव असतं तर पूर्ण पानावर बारीक बारीक असतं, हे थेंब फक्त टोकाला आणि कडेला, ओळीनं, आणि वाळल्यावर पांढुरका डाग राहतो कारण त्यात क्षार असतात. हे झाडानं आतून ढकललेलं पाणी. रात्री वाफ उडत नाही, मुळं क्षार आत ओढत राहतात, त्यामागं पाणी येतं आणि मुळात दाब तयार होतो.

हा दाब फार नाही, पण त्याचं एक काम मोठं आहे. दिवसा ताणाखाली ज्या नळ्यांत हवा शिरली असेल त्या रात्री पुन्हा पाण्यानं भरायला तो मदत करतो, मक्यात हे दिसलंय. म्हणून मी पोरांना काम दिलं की रोज सकाळी कुठल्या पाइपात थेंब आहेत आणि कुठल्यात नाहीत एवढंच लिहायचं. थेंब बंद झाले म्हणजे मातीची ओल इतकी उतरली की मुळाला दाब धरता येत नाही. तिसऱ्या गटात बंद झालेत. रानात खोल काळीत अजून आहेत, माळाच्या तुकड्यात नाहीत. एक पैसा खर्च न करता मिळणारं मोजमाप.

5 डिसेंबर

हवेचा प्रयोग. जलवाहिनीतलं पाणी ओढलेलं असतं, ताणलेल्या अवस्थेत, आणि ताणलेल्या पाण्यात हवेचा बुडबुडा शिरला की तो झटक्यात नळीभर पसरतो. ती नळी बाद. म्हणून शेजारच्या दोन नळ्यांमधल्या भिंतीत जी खाचेची पातळ जाळी असते तिच्यावर सगळं टिकून आहे. जाळीचं भोक जितकं बारीक तितका जास्त ताण ते पेलतं. हिशोब सोपा आहे, पाण्याचा पृष्ठताण 0.072 न्यूटन प्रति मीटर, भोक 0.1 मायक्रॉनचं धरलं तर हवा आत ओढून घ्यायला 2.9 मेगापास्कल लागतात, हवेच्या दाबाच्या जवळपास 29 पट. भोक 1 मायक्रॉनचं झालं की तोच आकडा 10 पट खाली. उघडी 100 मायक्रॉनची नळी तर काहीच पेलत नाही, म्हणून ताट कापलं की कापलेल्या तोंडातून हवा लगेच आत.

तेच करून बघितलं. दुपारी काही ताटं हवेत कापली आणि थोडी तशीच ठेवून मग लाल खायच्या रंगाच्या पाण्यात उभी केली. काही बादलीत पाण्याखाली वाकवून कापली आणि लगेच रंगात. पाण्याखाली कापलेल्यांच्या पानांच्या शिरा लवकर लाल झाल्या, हवेत कापलेल्यांत रंग खालच्या कांड्यात अडकला. उभा चिरून बघितलं तर रंग बहुतेक सांध्याखाली थांबलेला. सांध्यात नळ्यांची गुंतागुंत असते, पुष्कळशा नळ्या तिथं संपतात आणि दुसऱ्या सुरू होतात, मधे ती बारीक जाळी. त्यामुळं एका कांड्यातली हवा सहजी पुढच्यात जात नाही. पाणी वाहायला सांधा अडथळा आहे, पण कोरड्या दिवसात तोच अडथळा झाडाला वाचवतो. वर पेरांवर पेरं असलेलं गवत आणि आत असे कप्पे, किती शहाणपणाची रचना आहे ही.

ताण प्रत्यक्ष मोजायला दाबपेटी लागते, आमच्याकडं नाही. पण गोष्ट पोरांना सांगितली. कॅलिफोर्नियात शोलँडर आणि सहकाऱ्यांनी 1965 मध्ये ही पेटी वापरून झाडांतला ताण मोजला. डहाळी कापून बंद पेटीत ठेवायची, कापलेलं टोक बाहेर, आत वायूचा दाब वाढवत न्यायचा, ज्या दाबाला टोकावर पाणी परत येतं तेवढा ताण झाडात होता. उंच डग्लस फरच्या शेंड्याकडच्या डहाळ्या त्यांनी बंदुकीनं गोळी मारून पाडल्या. वर्गात यानंतर बराच वेळ दुसरं काही शिकवता आलं नाही, पोरं अशी खुलली होती.

11 डिसेंबर

खोल रानात ज्वारी निसवली. माळावर आठवडाभर आधीच निसवली होती, कणसं लहान. पाइपांतला तिसरा गट पोटरीतच अडकलाय, कणीस पुरतं बाहेर येत नाही.

28 डिसेंबर

वजनं. तिसऱ्या गटानं पाणी जवळपास संपवलंय, रोजची घट नावापुरती, खालची पानं वाळून गेलीत. दुसऱ्या गटात, ज्याला थोडीच सांधमुळं मिळाली, अजून दोन तीन लिटर शिल्लक. पहिल्या गटात त्याहून जास्त शिल्लक आहे पण ताटं कमरेएवढीच, आणि कणसं मुठीत मावतील इतकी.

म्हणजे अण्णा अर्धे बरोबर होते. गव्हाला एकच मूळ ठेवलं तरी ते बीजमूळ भक्कम असतं, ज्वारीला एकाच बीजमुळावर ठेवणं म्हणजे उपासमार. पण भरपूर मुळंही बुडवतात. मधला गट, एका पावसापुरती सांधमुळं फुटलेला, तोच उभा आहे. आणि रानात नेमकं तेच झालंय, चित्राचा एक पाऊस आणि मग कोरडं. जुनी माणसं त्या एका पावसाला एवढं का मानतात ते मला आत्ता मुळाच्या बाजूनं कळतंय, तो पाऊस पाणी किती देतो यापेक्षा किती मुळांची दारं उघडतो हे मोठं.

शिल्लक राहिलेल्या त्या दोन तीन लिटरची किंमत किती. ऑस्ट्रेलियात गव्हावर मोजलंय, कर्कगार्ड यांच्या गटानं 2007 मध्ये छापलं, फुलोऱ्यानंतर खोलातून उचललेल्या प्रत्येक जादा मिलिमीटरमागं हेक्टरी 59 किलो गहू मिळाला. फुलोऱ्यानंतरचं पाणी थेट दाण्यात जातं, आधीचं पाणी पानं आणि धांडे वाढवण्यात जातं. ज्वारीचा आकडा वेगळा असेल, पण दिशा तीच.

एक गोष्ट मात्र सोडून चालणार नाही. आपल्याकडं कडब्याला दाण्याइतकंच मोल आहे, कधी जास्त. फक्त दाण्यासाठी ताट बारकं करायचं हे संशोधकाला परवडेल, ज्याच्या दावणीला जनावरं आहेत त्याला नाही. मालदांडी लोकांनी सोडली नाही त्यात कडब्याचा वाटा मोठा आहे.

9 जानेवारी

हुरडा सुरू. रानात पाहुणे. मी ताटं चिरत बसले होते, कारण माळाच्या तुकड्यात खडखड्या दिसला. बुडाकडची कांडी पोचट, चिरली की आतला गाभा कुजून गेलेला, राहिल्यात त्या फक्त शिरांच्या सुट्या दोऱ्या, त्यावर काळे बारीक ठिपके. मॅक्रोफोमिना नावाची बुरशी, हे ठिपके तिचीच बीजं. मातीत ती कायम असते, पण घात करते दाणा भरताना ओल संपली की. कणीस साखर मागतं, पानं पुरवू शकत नाहीत, मग झाड खोडातली साखर काढून वर पाठवतं, खोड दुबळं पडतं आणि बुरशी मुळातून वर चढते. ताट वाऱ्यानं आडवं. खोल रानात तुरळक, माळावर ओळीच्या ओळी.

दुसऱ्या गटाची ताटं चिरली तर गाभा पांढरा, रसाळ. फुलोऱ्यानंतर पानं हिरवी ठेवणारे ज्वारीचे वाण याच कारणानं खडखड्याला कमी बळी पडतात. रोग म्हणून फवारणी शोधण्यापेक्षा पाण्याचा हिशोब कुठं चुकला ते बघितलं पाहिजे, हे माझं ठाम मत.

4 फेब्रुवारी

काढणी झाली. खोल रानात कणसं भरलेली, दाणा टपोरा मोतीसारखा. माळावर दाणा बारीक आणि निम्मी ताटं आडवी. पाइपांत दुसऱ्या गटाचा दाणा सगळ्यात जास्त, मग पहिला, तिसऱ्यात कणसं जवळपास पोकळ पण धांडे सगळ्यात जाड. थोडक्या पाइपांवरचं आहे, एका हंगामाचं, वाणाबद्दल यावरून काहीच म्हणता येणार नाही, मुळांच्या संख्येबद्दल म्हणता येईल.

माळाच्या तुकड्यानं एक गोष्ट स्पष्ट केली. तिथं टाकीच लहान, हातभर माती. नळी कितीही अरुंद केली तरी चार महिने पुरणार नाही. तिथं पाणी वाचवत बसण्यापेक्षा लवकर उरकणारं पीक हवं, राहुरीच्या विद्यापीठानं हलक्या जमिनीला फुले अनुराधा, मध्यमला फुले सुचित्रा, खोल जमिनीला फुले वसुधा अशी वाटणी केलीय ती याच हिशोबात बसते. अण्णा माळावर पण मालदांडीच टाकतात, भाकरीची चव म्हणून. पुढच्या साली निम्म्या माळावर अनुराधा टाकू द्या एवढं मी मागितलं, "बघू" म्हणालेत.

11 फेब्रुवारी

पुढच्या हंगामाचं. मालदांडीच्याच वेगवेगळ्या गावच्या बियाण्यात नळीची रुंदी किती कमी जास्त आहे ते बघायचं, कारण घरोघरी राखलेलं बी एकसारखं नसतं आणि गव्हातला तो गुणही देशी बियाण्यातूनच आला होता. बी गोळा करायला पोरांना सुट्टीत आपापल्या गावाला सांगितलंय, प्रत्येक पुडीवर गाव, जमिनीची खोली आणि किती वर्षं घरचं आहे एवढं लिहून आणायचं. काप बीजमुळाचे, टोकापासून ठरलेल्या अंतरावर, सगळे एकाच वयाच्या रोपांचे. पाइप धुऊन शेडमागं उभे केलेत, चेन पुली विहिरीवर परत दिली.